मेणाचा गोळा, नग एक

माझ्याकडे मोडीची कामं येतात ती बहुतेक जमिनीची. 2023 च्या हिवाळ्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मराठवाड्यात मोडी वाचणाऱ्यांना दिवस पुरत नव्हता. खरेदीखत, रोखा, वाटणीपत्र हे माझं रोजचं. त्यामुळे जालन्याच्या बाई पिशवीतून इंग्रजी कागदांच्या झेरॉक्स काढायला लागल्या तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "बाई, हे माझ्या आवाक्यातलं नाही."

"इंग्रजी मला येतं. पस्तीस वर्षं शिकवलंय," त्या म्हणाल्या. "यातले जे शब्द इंग्रजी नाहीत, त्यासाठी आलेय तुमच्याकडं."

बाईंचं घराणं जालन्यातलं जुनं ख्रिस्ती घराणं. त्यांचा मूळ पुरुष 1830 च्या दशकात निजामाच्या फौजेत इंग्रज अधिकारी होता. त्याच्या दोन मुलांपैकी एकाचा वंश इंग्लंडला गेला, दुसऱ्याचा इथंच राहिला. दोन्हीकडं एकच गोष्ट चालत आलेली: त्या गोऱ्या आजोबांची बायको हैदराबादच्या नवाबाची लेक होती आणि तिनं माहेराहून एक माणिक आणलं होतं. इंग्लंडच्या चुलतभावानं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतून मृत्युपत्र आणि घरातल्या सामानाची यादी मिळवली होती. त्यात माणिक सापडलं, असं त्याचं म्हणणं.

या कागदांबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडे ते फार कुणाला ठाऊक नसतात. कंपनीच्या मुलखात कुणी गोरा माणूस मेला की त्याचं मृत्युपत्र, घरातल्या चीजवस्तूंची यादी आणि लिलावाचा हिशेब कोर्टात जायचा. त्याच्या नकला विलायतेला रवाना व्हायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. मृत्युपत्रांचा क्रमांक एल/एजी/34/29, सामानाच्या याद्यांचा 34/27. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी वेगळ्या. बंगालच्या एन/1, मद्रासच्या एन/2, मुंबईच्या एन/3. जालन्यात बराच काळ मद्रासची पलटण होती, म्हणून जालन्याची माणसं मुंबईच्या नव्हे तर मद्रासच्या नोंदींत शोधावी लागतात. त्यातही गावाचं नाव ‘जॉल्नाह’ असं लिहिलेलं. बाईंच्या भावानं वर्षभर आजच्या स्पेलिंगनं शोधलं होतं. आपलं अंबाजोगाई अशा कागदांत मोमिनाबाद या नावानं भेटतं. हिंगोलीतही छावणी होती. 1853 च्या तहानंतर निजामाच्या या फौजेला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले आणि 1903 मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली.

मृत्युपत्र आम्ही पंधरा मिनिटांत संपवलं. कर्ज, घोडे, मित्राला बंदूक. शेवटी ‘माझ्या दोन मुलांच्या आईला’ दरमहा काही रुपये. नाव नाही.

"नाव का नसंल लिहिलं?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनीच असं केलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. नाना फडणविसांबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि नेमस्तपणा गेला, हे उद्गार ज्याचे, तो पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, विल्यम पामर. 1816 मध्ये तो वारला. त्यानं आपल्या मृत्युपत्रात फैज बख्श या आपल्या सोबतिणीचं नाव स्वच्छ लिहिलं. त्या दोघांचा मुलगा हैदराबादचा बडा सावकार झाला. त्या सावकाराची मुलगी मेरी लग्न करून ज्याच्या घरी गेली, तो इंग्रज अधिकारी आणि लेखक मेडोज टेलर 1824 मध्ये निजामाच्या नोकरीत आला आणि आपल्याच औरंगाबादेत रुजू झाला. नाव लिहिलं गेलं, म्हणून आज त्या घराण्याची साखळी हातात येते. बाईंच्या पणजोबांच्या वडिलांनी ते लिहिलं नाही. मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला, दोनशे वर्षांनी येऊन उपयोग नसला तरी.

मग यादी. अकरा पानं. दिवाणखाना, शयनगृह, गोदाम, बाहेरची खोली असे भाग पाडलेले. कुणीतरी वस्तू उचलून नाव सांगतोय आणि कारकून कानाला लागेल तसं इंग्रजीत उतरवतोय, हे वाचताना ऐकू येतं. ‘चिलमची’ म्हणजे हात धुवायचं भांडं. ‘तिपाय’. ‘सतरंजी’ तीन. बाहेरच्या खोलीत ‘सूप, दोन’ अशी नोंद होती आणि बाईंच्या भावानं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: सूप प्यायचे वाडगे. मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत धान्य पाखडून दाखवलं. त्याच्या खालीच जातं होतं.

पण सूप नि जातं स्वयंपाकिणीचंही असू शकतं. बाहेरच्या खोलीतल्या वस्तूंवरून घरधनीण ठरवता येत नाही. मी तसं बोलले तर बाई थोड्या नाराज झाल्या.

माणिक होतं ते शयनगृहाच्या पानावर. ‘लहान कुरुंडा, काचेसहित, एक.’ भावानं कोशात पाहिलं, तर कोरंडम. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, ते. आपल्या कुरुंदाचंच हे इंग्रजी भावंड. काच म्हणजे पैलू पाडलेला खडा, असा त्यानं अर्थ लावलेला. बाईंनी ते पान मला दिलं तेव्हा त्यांचा हात किंचित थरथरत होता.

अशा वेळी एक नोंद सुटी वाचायची नाही, ही माझी सवय मोडीनं लावलेली. ज्याच्या हाती वस्तू होत्या त्यानं त्या जवळजवळ ठेवलेल्या म्हणून सलग लिहिल्या, हे यादीत धरूनच चालावं लागतं. वरची ओळ होती ‘शिंगाची फणी, एक’. मग कुरुंडा. खालची ओळ ‘मेणाचा गोळा, एक’. तिथं भावाची पेन्सिल होती: पत्रं सीलबंद करायची लाख.

फणी आणि त्याला लागून कुरुंडा. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण मेणापाशी अडले. लाखेला इंग्रज नुसतं मेण म्हणत नसावा, आणि लाख लिहायच्या टेबलावर असते. फणीशेजारी ती कशाला?

बाईच बोलल्या, अगदी हळू. "आमच्या शेजारी एक म्हातारी होती, बामणाची. सकाळी ओसरीवर बसून कपाळाला बोटानं मेण लावायची. मग त्यावर कुंकू."

फणी. करंडा. आरसा. मेण. अख्खी फणेरपेटी त्या कारकुनानं नगवार लिहून ठेवली होती, ती काय आहे हे न कळता.

लिलावाच्या हिशेबात सतरंज्या विकल्या गेल्या, चिलमची गेली, सूपसुद्धा कुणीतरी दोन आण्यांना नेलं. या चार वस्तूंपुढं किंमत नाही. समासात एक कंस आणि बारीक अक्षरांत: ‘मुलांच्या आईस दिले.’

दोघी बराच वेळ गप्प होतो. चहा निवून गेला.

"म्हणजे नवाबाची लेक नाही," बाई म्हणाल्या.

"ती कुंकू लावत होती, आणि ही पेटी तिची होती, एवढंच कागद सांगतो. जात, गाव, माहेर, काही नाही. लग्न झालं होतं का, तेही नाही. मी त्याच्यापुढं एक अक्षर लिहिणार नाही, बाई."

"नका लिहू." मग थोड्या वेळानं, "माय गं, आमच्या घरात पाच पिढ्या कपाळं मोकळी. आणि ही रोज आरशात पाहून..." पुढं त्यांना बोलवेना. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. माणिक नव्हतं हे तो समजला. पण पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंना करंडा म्हणजे काय, हे त्याला सांगताना तीनदा थांबावं लागलं. डबी म्हटलं तर पावडरची वाटते, पेटी म्हटलं तर दागिन्यांची.

वंशावळीच्या तक्त्यात तिच्या चौकोनात मी नाव घातलं नाही. ‘मुलांची आई, जालना छावणी’ असं लिहिलं आणि खाली यादीतल्या त्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या, समासातल्या कंसासकट.