बदलीच्या तीन मावश्या

घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारा ब्यूरो काढायचा म्हटलं की आधी जागा, जाहिरात, युनिफॉर्म यांचा विचार होतो. ब्यूरो टिकतो मात्र बदलीच्या माणसांवर.

हिशेब मांडून बघा. दहा घरं, प्रत्येक घरी 12 तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे आठवड्याला 140 पाळ्या. प्रत्येक मावशीला आठवड्यातून एक सुट्टी दिली तर 20 नव्हे, 24 जणी लागतात. गौरी-गणपती, गावची जत्रा, लेकराचा ताप हे सगळं धरलं की आणखी तीन. या तिघींचा पगार नफ्यातून जातो, म्हणून सुरुवातीला कुणी त्या ठेवत नाही. मग रात्रीची मावशी आली नाही की दिवसाचीच थांबवली जाते, आणि पहाटे तीनला नेमकी पेशंटची कूस बदलायची राहते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाडावरची कातडी लाल झाली आणि बोटानं दाबूनही तो लालपणा फिका पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झालेली असते. तिथे चोळायचं नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. हवेची गादी घेतली की काम झालं असं घरच्यांना वाटतं. पण गादीवर जाड गोधडी घातली की तिचा निम्मा उपयोग गेला, आणि गादी कितीही चांगली असली तरी कूस बदलणं सुटत नाही.

उशाशी एक वही हवीच: वेळ, कूस, पाणी आणि लघवी किती मिली, औषध, सही. कॅथेटरच्या, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या नळीच्या, पिशवीत चार तासांत काहीच जमलं नाही, तर नळी मांडीखाली दबली आहे का ते आधी बघायचं. पिशवी कमरेच्या खाली हवी, पण फरशीला टेकलेली नको. नळी मोकळी असूनही लघवी नसेल तर लगेच नर्सला फोन. नळी बदलणं मावशीचं काम नाही, हे पहिल्याच दिवशी घरच्यांना तिच्यासमोर सांगावं.

पैशांचं थोडक्यात: पेशंट अॅडमिट झाला किंवा गेला की काम त्याच दिवशी थांबतं. म्हणून 15 दिवसांचे पैसे आगाऊ घ्यावेत, एका महिन्याचे पगार बँकेत बाजूला ठेवावेत. माणसं 20 झाली की पीएफ लागू होतो, त्याचा खर्च दर ठरवतानाच धरावा.

आणि वर्षभर जिनं भरवलं, त्या मावशीला आजी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नव्या घरी धाडू नये. दोन दिवस पगारी सुट्टी द्यावी. नव्या घरची पाळी तोवर त्या तिघींतली कुणीतरी करते.