चौथी सवारी

चर्चगेटच्या तिकीट खिडकीवर बसायला लागून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासवाल्यांची रांग लागली की मान वर करायला फुरसत नसायची. जून 2022 मधला तो शुक्रवार मात्र वेगळाच. सकाळचे पावणेदहा, विरार फास्ट नुकतीच रिकामी झालेली, आणि खिडकीसमोर तीन माणसं.

तिसरे बोरिवलीचे काका. नरिमन पॉईंटला कुठल्याशा ऑफिसात हिशेब बघायचे. दर तीन महिन्यांनी जुना पास आत सरकवायचे, एक शब्द न बोलता. मीही सवयीनं बोरिवली, तिमाही, सेकंड असं टाकलं.

"थांबा मॅडम, काढू नका."

"का हो काका, रिटायर झालात?"

"छे! आता आठवड्यातून एकदाच यायचंय. बाकी काम घरून."

हातात हिशेबाचं चिठोरं होतंच. सेकंडचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या भावात पडतो. त्यांच्या खेपा होणार आठ, फार तर दहा. "दोन दिवस बोलावलं असतं, तर पास परवडला असता," म्हणाले.

हिशेब चोख होता. गंमत म्हणजे, 15 ऑगस्ट 2021 ला कोरोना लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी लोकल खुली झाली, तेव्हा आम्ही त्यांना फक्त पास देत होतो. एकेरी तिकीट मागणाऱ्यांना समजावून माझा घसा बसला होता!

रांग आटली त्याचं सगळं खापर घरून कामावर फोडणं बरोबर नाही. मोबाईलवर पास निघतो, शिवाय नरिमन पॉईंटची कितीतरी ऑफिसं त्याआधीच बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, गेली होती. पण मोबाईलवाला खिडकीवर आला नाही तरी गाडीत असतो. काका आता गाडीतच नसणार होते.

"मग रांगेत कशाला उभे राहिलात?"

"सांगायला," म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळानं चहाला बाहेर आले. शेअर टॅक्सीच्या लायनीत पहिल्या टॅक्सीचा ड्रायव्हर बोनेटला टेकून ओरडत होता, "नरिमन पॉईंट, एक सवारी, एक सवारी!" एरवी या वेळेला टॅक्सीच कमी पडायच्या, माणसं नाही. आत तिघं बसलेले. खिडकीशी काका.

माझा अर्धा चहा झाला तरी चौथा कोणी येईना. मग काकांनी शेजारच्या दोघांशी काहीतरी बोलून घेतलं, मान बाहेर काढली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला हो, चौथ्याचे पैसे आम्ही तिघं देतो."