तुळस आणि पोर

मुंबईत हिंदमाताला चप्पल चावायला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला, "माऊली, पोरीची मान बघा."

पाठकुळीला घेण्यात गोची हीच. छातीशी असली की तिचा श्वास ऐकू येतो, पाठीवर गेली की नुसतं ऊबदार वजन. लेक दहा महिन्यांची, आपली आपण बसते, मान धरते, म्हणून पाठीवर घ्यायचं धाडस केलं. त्याआधी पुढेच बांधायचो. सकाळी पलंगाच्या कडेवर बसवून बायकोनं कॅरिअर बांधलं. पट्टे घट्ट, गुडघे ढुंगणापेक्षा वर, हनुवटीखाली दोन बोटं जातात ना ते बघून. शेवटचं बकल 'टक्' वाजेपर्यंत तिनं पोरीवरचा हात काढला नाही. मग ती ड्युटीला गेली, मी लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडं निघालेल्या दिंडीत. ६ जुलै २०२५, आषाढी, त्यात रविवार.

मागून हाक मारणाऱ्या आजी परळच्या चाळीतल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. एका हातानं ते धरून दुसऱ्यानं त्यांनी पोरीची हनुवटी उचलली, गाल माझ्या पाठीला आडवा टेकवला, नाकाशी बोट धरलं. "झोपलीय. मान पुढं पडली होती."

मी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा खांद्यावरून धरून बघितलं. नाक मोकळं होतं. तोंड उघडं, लाळ गळतेय.

"असं करू," आजी म्हणाल्या, "मी तुझी पोर बघते, तू माझी तुळस बघ. वाकडी झाली की सांग."

छत्रीच्या काड्या बरोबर पाठीवरच्या बाळाच्या डोळ्यांशी येतात, हे छत्रीवाल्यांच्या गावीही नसतं. तिघांना ओरडलो, एकादशीच्या दिवशी तोंडून नको ते गेलं. एकानं बुक्का उधळला, मी पाठ फिरवली आणि मग लक्षात आलं की पाठीवरच तर पोर आहे. पावलीत ओढायला आलेल्या पोराला हात जोडले. गरम चहाला नाही म्हटलं. कुणी पोरीवर प्लॅस्टिक टाकायला निघाला, तर आजी कडाडल्या, "कोंडेल की!"

टाच सोलली होती. कमरेतून वाकलो तर पोर डोक्यावरून पुढं यायची, म्हणून गुडघ्यात बसलो. पण एवढ्या वजनानं तोल जातोय म्हणून हात चपलेपर्यंत नेता येईना. आजींना तुळशीमुळं वाकता येईना. दोघं एकमेकांकडं बघून हसत सुटलो. शेवटी एका टाळकरी पोरानं टाळ गळ्यात अडकवले, आजींचा रुमाल घेतला आणि चपलेचा पट्टा आणि टाच यांच्या मध्ये घडी घालून सरकवला. नाव विचारायच्या आत तो पुढं पळाला.

दादर टीटी, फाइव्ह गार्डन. ऊन, पाऊस, पुन्हा ऊन. कधीतरी मागं थापा पडायला लागल्या. जागी झाली होती, टाळाच्या ठेक्याच्या जरा मागं तळवा आपटत होती माझ्या पाठीवर. घसा दाटला. ज्ञानोबा-तुकाराम म्हणता येईना.

वडाळ्याला रांग कात्रक रोडभर. तेवढ्या रेटारेटीत पाठीवर पोर घेऊन शिरायचं नाही, हे निघतानाच ठरलं होतं. कळस बघून हात जोडले. आजी रांगेत शिरल्या. पाच-सहा डोक्यांपलीकडून, मागं न बघता त्यांनी विचारलं, "सरळ आहे का रे?"

"सरळ आहे, माऊली."

लेकीनं टोपी फेकली आणि भोंगा काढला. बेस्टमध्ये चढण्याआधी तिला पुढं घेतली.