बोटुकलीचे आईबाप किती?

पाऊस लागला की आमच्या मच्छीमार सोसायटीत दोनच विषय: बीज, म्हणजे तलावात सोडायची बोटभर पिल्लं (बोटुकली), कुठून आणायचं आणि हजारी भाव काय. सोसायटी भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर आहे. बाबा तिकडे असतात, मी नागपुरात. हिशेब आणि बीजखरेदी माझ्याकडे, त्यामुळे हॅचरीवाल्यांशी, म्हणजे बीज तयार करून विकणाऱ्यांशी, डोकं लावायचं कामही माझंच.

माझा पहिला प्रश्न भावाचा नसतो. मी विचारते, ‘भाऊ, नर किती होते?’ नागपूरजवळच्या एका हॅचरीत उत्तर आलं, ‘ताई, तुमाले मासोळ्या पायजे का त्याइची कुंडली?’

कुंडलीच पायजे!

किलोभराची रोहूची मादी दोन-तीन लाख अंडी देते. मग चार माद्यांत ऑर्डर निघत असताना शंभर कोण पोसेल? १० जुलै १९५७ला ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची (रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांची) वीण घडवली. तोवर जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, मुख्यतः नदीतून गोळा करत. त्यात नको ते मासेही येत, पण आईबाप भरपूर असत. आता आईबाप हॅचरीवाला निवडतो, आणि पुढे त्यांच्याच पोरांतून परत निवडतो.

वारसा पुढे नेणारे आईबाप खरे किती, याचा हिशेब सोपा आहे. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. ४ नर आणि १०० माद्या असतील तर १६०० भागिले १०४, म्हणजे जेमतेम १५. टाक्यात मासे १०४, वारशाच्या हिशेबात मात्र १५! ५० नर आणि ५० माद्या ठेवल्या असत्या तर पुरे १०० भरले असते. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की वाढ मंदावते, वाकड्या पाठीची पिल्लं निघतात, रोगाला मासा लवकर बळी पडतो. आणि आपण दोष देतो खाद्याला.

सुधारित जात करायची तरी रानटी माशाकडेच जावं लागतं. ‘जयंती’ रोहूसाठी भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं (सीफा) गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा आणि सतलज अशा पाच नद्यांतले रोहू आणले होते. त्यांतून निवड करत वाढीचा वेग पिढीमागे सरासरी १७ टक्क्यांनी वाढला. एकाच तळ्यातल्या भावंडांतून एवढं निवडायला काय मिळालं असतं?

दुसरी कटकट संकराची. रोहू-कटला एकाच टाक्यात सोडले की मधलंच काहीतरी निघतं: डोकं कटल्याहून लहान, रोहूहून मोठं. बोटुकलीत ते ओळखू येत नाही, कटला म्हणून खपतं. हे संकर वांझही नसतात, पुरात नदीला लागले की तिथे मिसळतात. खात्री करायची तर शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये टाकायचा आणि डीएनए तपासायचा. मासा जिवंत परत सोडता येतो.

वैनगंगेच्या रोहूची मला एवढी चिंता नाही, तो मुळात गंगेकडचाच पाहुणा. मला काळजी मरळची. ती इथलीच, आणि बाजारात तिला रोहूपेक्षा चढा भाव. गेल्या मीटिंगमध्ये कोणीतरी बाहेरून मरळचं बीज आणायचं काढलं. बाबा म्हणाले, ‘आपल्या तलावात हाय ना, तिलेच वाढू द्या.’ ठराव झाला: पाणी आटल्यावर डोहात उरलेल्या मोठ्या मरळ धरायच्या नाहीत. आता रात्री जाळं टाकणाऱ्यांना कोण अडवणार, यावर अजून भांडण सुरू आहे.