जुनी प्रेमकथांची कॉमिक्स विकत घेताना
जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत ‘यंग रोमान्स’ सुरू केलं आणि प्रेमकथांच्या कॉमिक्सची लाट आली. असा जुना अंक घेताना आधी मुखपृष्ठ बघा. कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच ठरवलेल्या मजकुराच्या नियमावलीचा, शिक्का नसेल, तर अंक बहुधा १९५५ च्या आधीचा. त्या कथांतल्या मुली चुकतात, खोटं बोलतात, पस्तावतात. मला त्याच खऱ्या वाटतात. कोडने विवाहाचं पावित्र्य ठसवण्याची अट घातली आणि शेवट एकसुरी झाले.

मग मधलं पान तपासा. पिना गंजल्या की तेच आधी सुटतं. जाहिरातीचं कुपन कापलेलं असेल, तर पाठीमागचा कथेचा तुकडाही गेलेला असू शकतो. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, आम्लामुळे पिवळं, ठिसूळ होतं. फाटलं तरी चिकटपट्टी लावू नका. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा.