पुढच्या सीटवर तिघे

शनिवार, ऑगस्ट. रात्री.

आज वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ होती. 1995 पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला, फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत, जुन्या गाड्या रस्त्यावर येतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून दिवसभर त्या पाहत बसतात. गर्दी असते ती मस्टँग, कॅमेरो अशा तरण्या गाड्यांभोवती. माझे पाय मात्र एका फोर्ड कंट्री स्क्वायरपाशी थांबले. ही स्टेशन वॅगन, म्हणजे सामानाच्या जागेवरही छत असलेली लांबलचक कौटुंबिक गाडी. दोन्ही बाजूंना लाकडाचा भास देणारे पट्टे, आत तपकिरी रेक्झिन, आणि मागे ते दुहेरी दार, जे फोर्डने 1966 मध्ये आणले होते. मालकाने ते मला दोन्ही तऱ्हांनी उघडून दाखवले. एक मूठ ओढली की ते ट्रकच्या फाळक्यासारखे खाली पडते, दुसरी ओढली की घराच्या दारासारखे बाजूला उघडते. बिजागऱ्या इतक्या वर्षांनंतरही कुरकुरत नव्हत्या. सामान भरायचे असेल तर फाळका, पोरांना चढायचे असेल तर दार. कुटुंब गाडी कशी वापरते याचा एवढा बारकाईने विचार कोणीतरी कागदावर पेन्सिलीने केला असेल, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

आमच्याकडेही अशीच स्टेशन वॅगन होती, जनरल मोटर्सची ओल्ड्समोबिल कस्टम क्रूझर, 1986 ची, आम्ही जुनी म्हणून घेतलेली. अठरा फुटांहून थोडी अधिक लांब, पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, आणि एवढ्या थोरल्या इंजिनाची शक्ती मात्र 140 अश्वशक्ती. ती पळणारी गाडी नव्हती आणि तिला पळायचेही नव्हते. पुढे तिघे, मध्ये तिघे आणि अगदी मागे, रस्त्याकडे तोंड करून, दोघे, असे आठ जण तिच्यात बसत. मागे बसलेली पोरे पाठीमागून येणाऱ्या गाड्यांना हात करीत आणि ट्रकवाला भोंगा वाजवीपर्यंत थांबत नसत. मागच्या दोन्ही सीटा आडव्या पाडल्या की चार फूट बाय आठ फुटांचा प्लायवूडचा अख्खा ताव सपाट मावत असे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाच्या मखराचे सामान आम्ही त्याच गाडीतून नेत असू.

आई-बाबा इथे सहा महिन्यांसाठी आले तेव्हा या गाडीची खरी किंमत मला कळली. आई नऊवारी नेसत असे आणि तिचे गुडघे तेव्हाच धरू लागले होते. या गाडीत चढावे लागत नसे. दार रुंद उघडे, सीट साधारण खुर्चीच्या उंचीवर असे. आई आधी पाठमोरी टेकायची, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायची आणि निऱ्या सारख्या करून सरळ बसायची. कोणाचा हात धरावा लागत नसे, आणि तिला त्याचेच फार समाधान होते. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर आणि पार्किंग ब्रेक डाव्या पायाशी असल्यामुळे पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग होती. मी, मध्ये माझी लेक आणि खिडकीशी आई, असे आम्ही मिशिगनच्या उत्तरेकडच्या मॅकिनॉ पुलापर्यंत गेलो होतो. लेक अर्ध्या वाटेत आजीच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. बाबा मधल्या सीटवर पाय लांब करून बसले होते. मुंबईत त्यांनी जन्म काढला तो कुर्ल्याला, जिथे वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून अमेरिकन कंपनीच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. त्या थोरल्या गाड्यांच्या टॅक्सीत आपण ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने कसे बसत होतो, ते बाबा वाटभर सांगत राहिले.

मिशिगनमधल्या महामार्गाचे जुने भाग काँक्रीटच्या तुकड्यांचे आहेत, आणि दर सांध्यावर चाकांचा ठक-ठक असा ठेका चालू राहतो. त्या गाडीत तो ठेका कानाला ऐकू येई, पण पाठीला जाणवत नसे. कारण तिची बांधणीच वेगळी होती. खाली पोलादी चासी, वर वेगळी बॉडी, आणि दोहोंच्या मध्ये रबराचे जाड गट्टू. चाकावरचा हादरा आधी स्प्रिंगमध्ये आणि मग त्या रबरात मुरायचा. पुढच्या व मागच्या चाकांत जवळजवळ तीन मीटरचे अंतर असल्यामुळे गाडी खड्ड्यात एकदम डुलत नसे, आधी पुढून आणि मग सावकाश मागून खालीवर होई. टायरची रबरी भिंतही उंच होती. आज 20-22 इंची चाकांवर पातळ टायर चढवतात, ते दिसायला ऐटबाज असले तरी त्यांची भिंत इतकी कमी असते की रस्त्याचा प्रत्येक खडा माणसाच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. मला हा सौदा मुळीच पटत नाही.

पेट्रोल ती भरपूर पीत असे आणि शहरात तिचे ॲव्हरेज वाईट होते. पुढे मध्ये बसणाऱ्याला फक्त कमरेचा पट्टा मिळे, आणि आज माझ्या नातवाला मी त्या जागी किंवा अगदी मागच्या उलट्या सीटवर मुळीच बसवणार नाही. सुरक्षिततेत जी सुधारणा झाली ती झालीच पाहिजे होती. पण या गाड्या केवळ सुरक्षिततेपायी गेल्या नाहीत. 1973 च्या तेलटंचाईनंतर 1975 मध्ये अमेरिकेने इंधनबचतीचा कायदा केला, आणि प्रत्येक कंपनीच्या मोटारींच्या सरासरी ॲव्हरेजचे लक्ष्य 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैलांवर नेऊन ठेवले. जनरल मोटर्सने 1977 मध्येच आपल्या बहुतेक थोरल्या गाड्या बाहेरून आखूड आणि हलक्या केल्या, पण आतली जागा कमी होऊ दिली नाही. आमची क्रूझर त्याच पिढीतली. म्हणजे ऐसपैसपणा राखून गाडी लहान करता येते, हे त्यांनी एकदा करून दाखवले होते. पुढे मात्र वाट फुटली ती ट्रकांकडे, कारण हलक्या ट्रकांना त्याच कायद्यात सैल नियम होते. 1983 च्या अखेरीस आलेली क्रायस्लरची मिनीव्हॅन कायद्याच्या दृष्टीने ट्रकच होती. थोरली स्टेशन वॅगन मात्र मोटार ठरत असल्याने तिची प्रत्येक विक्री कंपनीची सरासरी खाली ओढत असे. जनरल मोटर्सचीच ब्यूक रोडमास्टर ही या थोरल्या वॅगनच्या घराण्यातली शेवटची, आणि 1996 च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबले ते त्या जागी ट्रक बनवण्यासाठी. आज त्याच कारखान्यातून सबर्बन ही उंच एसयूव्ही बाहेर पडते, जी लांबीने रोडमास्टरपेक्षाही मोठी आहे.

म्हणूनच "एवढ्या मोठ्या गाड्या आता परवडायच्या नाहीत" असे कोणी म्हणाले की मला राहवत नाही. मोठ्या गाड्या कुठेही गेलेल्या नाहीत, उलट रस्त्यावर त्याच दिसतात. गेली ती त्यांची ठेवण. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून आमच्या सध्याच्या उंच गाडीत चढताना हिला पायरीवर एक पाय, खांबाच्या मुठीवर एक हात आणि माझ्या खांद्यावर दुसरा हात ठेवावा लागतो. आत बसल्यावर आम्हा दोघांच्या मध्ये कप ठेवण्याच्या भोकांचा आणि चार्जरच्या वायरींचा एक रुंद कप्पा येतो. प्रत्येकाची सीट वेगळी, प्रत्येकाची थंडी-ऊब वेगळी, मागे बसलेल्या नातवंडांच्या कानात वेगवेगळे हेडफोन. सुखसोयी सगळ्या आहेत, आणि त्या मी रोज वापरतो. पण एका कुटुंबाने एका बैठकीवर खांद्याला खांदा लावून आठ तास काढणे हेही एक सुखच होते, आणि ते कोणत्याही जादा पैशांत आता मिळत नाही. शेव्हरोले इंपालामध्ये 2013 पर्यंत पुढची सलग सीट मागून घेता येत असे, पुढच्या पिढीत तीही गेली. आता ती मिळते काही पिकअप ट्रकांत आणि तशाच उंच गाड्यांत, म्हणजे पुन्हा चढण आलीच.

आजच्या गर्दीत एका गृहस्थांशी ओळख झाली. त्यांच्याकडे 1994 ची रोडमास्टर वॅगन आहे, पुढे सलग सीट, गिअरचा दांडा खांबावर, आणि ती त्यांना विकायची आहे. पुढच्या शनिवारी हिला घेऊन ती बघायला जाईन. किमतीचे नंतर बोलू. हिला पुढे एकटीने बसता आले आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेता आले, तरच बोलणे पुढे न्यायचे, असे आम्ही जेवताना ठरवले आहे.