लवणाची बखर : तिसरा खर्डा, बारावं प्रकरण

मंडळी, माझ्या कादंबरीचं बारावं प्रकरण उतरलं. अकरा प्रकरणं लवण नुसता पाटकऱ्याचा मुलगा होता. बाराव्याच्या शेवटी त्याच्याकडे सत्ता आली आणि ती कशी आली, हे वाचकाला बोट ठेवून दाखवता येईल.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अशनी आदळून झालेल्या विवरात एक नगर वसलेलं आहे. मधोमध खारं तळं, काठावर गोड्या पाण्याची एकच धार. त्या धारेच्या पाळ्या लवणचा बाप लावतो. विवरातली काच ज्याच्या हाती, त्याचं पाणी ऐकतं. मात्र प्रत्येक हुकमापायी त्याची एकेक चव जाते. आधी कडू, मग तुरट, असं करत करत.

भूगोल सरळ लोणारचा घेतला आहे. समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरलं की तिथून लोणार जवळच, त्यामुळे नागपूरहून जाऊन येणं जमतं. बसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. काठच्या पाण्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली की साबण लावल्यासारखी निसरडी लागतात, इतकं ते अल्कधर्मी. वर दैत्यसूदनाचं देऊळ. लोणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारला, अशी तिथली कथा. असुर मेला कसा, हे ती सांगते. तो असुर झाला कसा, तेवढंच मला लिहायचं आहे.

काचेची कल्पनाही तिथलीच. आघाताच्या दाबाने लोणारच्या खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची काही ठिकाणी काच झाली आहे. तिला मास्केलिनाइट म्हणतात. बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या अशनीतही ती सापडली, आणि तो अशनी मंगळावरून आलेला आहे. भूशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीने मला खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. ध्रुवक, म्हणजे प्रकाश एकाच दिशेत कंपू देणारी गाळणी, लावून चकती फिरवली की बाकीचे स्फटिक उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. हा कण मात्र कसाही फिरवा, काळाच राहतो. बाहेरून आकार स्फटिकाचा, कडा तशाच सरळ. आतली रचना पार मोडलेली. घरी आल्या आल्या मी लवणचं वर्णन पुन्हा लिहिलं. चेहऱ्यावरचा व्रण, घोगरा आवाज, सगळं काढून टाकलं. बाराव्या प्रकरणातही तो पहिल्या प्रकरणातल्यासारखाच दिसतो. तसाच हसतो, आईच्या पाया तसाच पडतो.

आता मुख्य गोष्ट, पतनाचा क्षण. खलनायकाच्या उगमकथेत बहुतेक वेळा त्याच्यावर एखादा भयंकर अन्याय होतो आणि तिथून तो बिघडतो. लवणवरही अन्याय झाला आहे, पाळीच्या भांडणात त्याच्या बापाचा जीव गेला. पण तेवढ्याने माणूस जुलमी होत नाही. बापाच्या जागी तोच पाटकरी होतो आणि काही वर्षं चोख काम करतो. रोज तळ्याचं पाणी मोजतो, मीठ मोजतो, वहीत मांडतो. मग एका उन्हाळ्यात तळं गुलाबी होतं.

हे खरंच घडलं आहे. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारेपणा वाढला, मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने तळं रंगलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हेच सांगितलं. माझ्या नगरात हे कारण फक्त लवणला ठाऊक आहे, कारण वही त्याच्याकडे आहे. पाऊस आला की रंग जाईल, हेही त्याला कळतं. लोक घाबरून त्याच्या दारात येतात आणि विचारतात, "हे काय झालं?" तो वही मिटतो आणि म्हणतो, "तळं माझ्या बापाचं रक्त मागतंय."

ते वाक्य तो जाणूनबुजून बोलतो. खरं सांगायची मुभा होती, वेळ होता, पुरावा हाताशी होता. इथून पुढे मी त्याला कुठेही सूट देणार नाही. पाऊस पडतो, रंग जातो आणि त्याचं श्रेयही त्यालाच मिळतं. मग धारेला कुलूप लागतं.

विवराच्या वयावरचा वादही कामी आला. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षांचं ठरतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. कादंबरीत याचे दोन मठ आहेत आणि लवण दोघांनाही तुमचंच खरं म्हणतो.

मध्यंतरांची जुळणी अजून चालू आहे. दर तीन प्रकरणांनंतर एक मध्यंतर येतं: लवण मेल्यानंतर कित्येक पिढ्यांनी काही कारागीर त्याचा पुतळा बांधताहेत. हे अर्थात आपल्या नागपूरच्या मारबतीवरून, म्हणजे मिरवून मग जाळतात त्या पुतळ्यावरून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभं राहून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ऐकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. काळ्या मारबतीचं नातं लोक नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी, तिने इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडतात. बाई जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर ही मिरवणूक सुरू झाली, आणि आजही दरवर्षी नव्या बडग्यांच्या, म्हणजे चालू विषयांवरच्या पुतळ्यांच्या, गर्दीत ती निघतेच. पुतळ्यात माणसाचं काय उरतं आणि काय गळतं, हे मला या मध्यंतरांत धरायचं आहे. बांबूचा सांगाडा आणि कागदाचे थर लिहून झाले आहेत. चेहरा रंगवायचा प्रसंग राहिला आहे, कारण लवण दिसायचा कसा, हे त्या कारागिरांपैकी कुणालाच माहीत नाही.

तेराव्यात गोड चव जाते. धारेचं पाणी आणि तळ्याचं पाणी त्याला जिभेवर वेगळं ओळखता येत नाही, आणि पाळ्या तर तोच लावतो आहे. हे प्रकरण लवणच्या नजरेतून लिहावं की त्याच्या धाकट्या बहिणीच्या, यावर अडले आहे. बहिणीला तो वहीचा खरा हिशेब सापडलेला आहे, म्हणून माझा कल तिच्याकडे. तुमच्यापैकी कुणी निम्म्या कादंबरीनंतर निवेदक बदलला असेल तर तो सांधा कसा जुळवला, ते सविस्तर लिहा. बाराव्याचा मजकूर हवा असेल त्यांना पाठवते. गुलाबी तळ्याचा प्रसंग वाचून एवढंच सांगा, की लवणने वही मिटली तेव्हा त्याचा राग आला का.